डोंगर उशाशी, बाग मात्र दूर

लोणावळ्यात कुणी वस्तीजवळच्या बागेची मागणी केली, की समोरच्याला आधी हसू येते. सह्याद्रीच्या माथ्यावरचे, वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणारे, धरणांनी आणि दऱ्यांनी वेढलेले हे गाव; तिथे आणखी हिरवळ हवी कशाला? हाच प्रश्न मावळ तालुक्यातल्या कुठल्याही गावाबद्दल विचारला जातो. पवना आणि इंद्रायणीची खोरी, लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, कार्ले, भाजे, बेडसे. यातला लोहगड तर जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीतही जाऊन बसला. मुंबई-पुण्याची माणसे पेट्रोल जाळून जे पाहायला येतात ते ज्याच्या खिडकीतून दिसते, त्याने घसरगुंडी आणि चार बाकांसाठी नगरपरिषदेकडे अर्ज करावा, हे चमत्कारिक वाटते खरे. पण डोळ्यांना दिसणारा डोंगर शाळा सुटल्यावर दीड तास खेळायला मिळत नाही, आणि गुडघे दुखणाऱ्या आजींना रोज संध्याकाळी लोहगड चढता येत नाही. मावळात निसर्ग मुबलक आहे, आणि त्या मुबलकतेमुळेच रोजच्या वापराच्या सार्वजनिक मोकळ्या जागेची टंचाई कुणाच्या लक्षात येत नाही. ही टंचाई सगळ्यांना सारखी बसत नाही. ज्याच्या घराला अंगण आहे त्याला ती जाणवत नाही. ज्याच्या घराला गॅलरीसुद्धा नाही त्याला ती रोज जाणवते.

टंचाई मोजायची कशी, इथूनच घोळ सुरू होतो. आपल्याकडे मोकळ्या जागेचा हिशोब दरडोई करण्याची पद्धत आहे. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शक सूचनांनी माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी असे म्हटले आहे. २०११ च्या जनगणनेत लोणावळ्याची लोकसंख्या सुमारे ५७ हजार होती. माणशी १० चौरस मीटर धरले तर ५७ हेक्टर, म्हणजे साधारण १४० एकर जागा लागते. आता समजा, गावाच्या एका टोकाला, धरणाकाठी, १४० एकरांचे एकच प्रशस्त उद्यान उभारले. कागदावर लोणावळा उत्तीर्ण झाले. पण दुसऱ्या टोकाच्या वस्तीतले सहा वर्षांचे मूल रिक्षाचे भाडे असल्याशिवाय तिथे पोहोचणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने म्हणूनच वेगळे माप सुचवले आहे: प्रत्येक घरापासून ३०० मीटरच्या आत, म्हणजे पाचएक मिनिटांच्या चालण्यावर, किमान अर्धा ते एक हेक्टर सार्वजनिक हिरवी जागा. अर्धा हेक्टर म्हणजे आपला सव्वा एकर. ३०० मीटर त्रिज्येच्या वर्तुळात सुमारे २८ हेक्टर जमीन बसते. म्हणजे एक चौरस किलोमीटर दाट वस्तीला अशा किमान चार जागा हव्यात. युरोपचे हे माप आपल्याला जसेच्या तसे परवडणार नाही, हे मान्य. सव्वा एकराऐवजी दहा गुंठे धरा, ३०० ऐवजी ५०० मीटर धरा. महत्त्व आकड्याला नसून मोजपट्टी कुठून लावली याला आहे. नगरपरिषद आपल्याकडे असलेल्या जमिनीपासून मोजते. मोजायला हवे ते ज्याच्याकडे काहीच जागा नाही त्याच्या दारापासून.

या मोजपट्टीने लोणावळा पाहिले की हिरव्या नकाशात बरीच भोके दिसू लागतात. शहराच्या मध्यभागी रायवूड उद्यान आहे, जुन्या उंच झाडांचे, आत महादेवाचे देऊळ असलेले. बाजारपेठेजवळ राहणाऱ्याला ते खरोखरच वरदान आहे. पण लोणावळा म्हणजे बाजारपेठ नव्हे. भांगरवाडी, नांगरगाव, वलवण, तुंगार्ली, खंडाळा, हनुमान टेकडी अशा लांबट पसरलेल्या वस्त्यांचे ते गाव आहे, आणि त्याच्या मधून लोहमार्ग आणि जुना मुंबई-पुणे महामार्ग जातो. नकाशावर ३०० मीटर दिसणारे अंतर फाटक, पूल आणि भरधाव गाड्यांचा रस्ता धरून कितीतरी वाढते, आणि आठ वर्षांच्या मुलाला एकटे पाठवण्याच्या दृष्टीने ते अनंतच असते. राहिलेली हिरवळ पाहावी तर तिचे मालक वेगळे. भुशी धरण रेल्वेचे, वलवणचे धरण टाटांच्या वीज कंपनीचे, बराच भाग नौदलाच्या आयएनएस शिवाजीचा, डोंगरउतार वनखात्याचे. या संस्थांची आपापली कामे आहेत आणि ती रास्त आहेत. पण शेजारच्या वस्तीतल्या मुलांना खेळायला जागा देणे हे त्यांतल्या एकाचेही काम नाही. आणि तुंगार्लीच्या बाजूला बंगल्यांची रांग: प्रत्येकाला लॉन, काहींना पोहण्याचा तलाव, आणि वर्षातले बहुतेक दिवस कुलूप. उपग्रहाच्या छायाचित्रात ही सगळी हिरवळ लोणावळ्याच्या खात्यावर जमा होते. त्या लॉनला पाणी घालणाऱ्या माळ्याचे मूल मात्र रस्त्याच्या कडेला क्रिकेट खेळते.

बागेअभावी सर्वांचे सारखेच नुकसान होते, असा एक गोड गैरसमज आहे. स्कॉटलंडमधल्या रिचर्ड मिचेल आणि फ्रँक पॉपहॅम या संशोधकांनी २००८ साली ‘लॅन्सेट’मध्ये जे मांडले ते याच्या उलट जाते. इंग्लंडमधल्या निवृत्तीच्या वयाखालच्या कोट्यवधी लोकसंख्येतल्या मृत्युनोंदी तपासल्यावर त्यांना दिसले की गरीब आणि श्रीमंत यांच्या मृत्युदरातली दरी हिरव्या परिसरात कमी आहे आणि रूक्ष परिसरात जास्त. याचा अर्थ सरळ आहे: पैसेवाला माणूस आरोग्य दुसऱ्या मार्गांनी विकत घेऊ शकतो, जिमला जातो, सुट्टीला जातो, गरिबाला फुकट मिळणारी मोकळी हवा हाच मार्ग उरतो, म्हणून ती मिळाली की त्याला फरक अधिक पडतो. इंग्लंडचा निष्कर्ष मावळाला तंतोतंत लागू होईल असा दावा करता येत नाही. पण इथल्या कामगारांचे आठवड्याचे चक्र पाहिले तर तर्क आणखी पक्का होतो. हॉटेल, रिसॉर्ट, चिक्कीची दुकाने, टॅक्सी, बंगल्यांची राखण हा लोणावळ्याचा रोजगार आहे, आणि या रोजगाराला शनिवार-रविवार नसतो. गावाची सुट्टी असते तेव्हाच यांचे काम सर्वांत जास्त. घरी परतेपर्यंत रात्र होते. बायकांचे गणित तर याहून वाईट. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीनुसार, घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटे बिनपगारी घरकामात जातात, तर जे पुरुष असे काम करतात त्यांची ९७ मिनिटे. एवढ्यातून उरलेल्या अर्ध्या तासात बाग गाठायची तर ती पाच मिनिटांवरच हवी. अर्ध्या तासावरची बाग तिच्यासाठी नसल्यातच जमा.

यावरचा पहिला आक्षेप ठरलेला: धरणे आहेत, नदी आहे, तिकडे जावे. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ च्या रविवारी तळेगावजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला. चौघांचा मृत्यू झाला आणि अनेक जण जखमी झाले. या दुर्घटना जवळ बाग नव्हती म्हणून घडल्या, असे म्हणणे खोटे ठरेल. त्यांची कारणे निसरडे दगड, वाढते पाणी, जीर्ण पूल आणि ढिली व्यवस्था ही आहेत. पण त्यांतून एक गोष्ट कळते. नदीकाठ आणि धबधबा या पर्यटनाच्या जागा आहेत, आणि पर्यटनाच्या जागेचे नियम गर्दीवर ठरतात. दुर्घटनेनंतर जिल्हा प्रशासन मनाई आदेश काढते, संध्याकाळी सहानंतर बंदी येते, पोलिसांचे बॅरिकेड लागतात. ते आवश्यकच आहे. मात्र बाहेरून आलेला पर्यटक त्या दिवशी परत जातो आणि पुढच्या आठवड्यात माथेरानला जातो. गावातल्या माणसाची मात्र होती ती एकच मोकळी जागा पूर्ण मोसमभर बंद होते. पावसाळी रविवारी तर त्याला महामार्गावरच्या रांगांमुळे घराबाहेरही पडता येत नाही. ज्या निसर्गाचा हवाला देऊन त्याला बाग नाकारली जाते, तो निसर्ग नेमका त्याच्या सोयीच्या वेळी दुसऱ्याच कुणाच्या ताब्यात असतो.

मग जागा गेल्या कुठे? निदान काही जागा कायद्याने आधीच मागून ठेवलेल्या असतात. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार प्रत्येक विकास आराखड्यात उद्याने, क्रीडांगणे, मोकळ्या जागा यांसाठी भूखंड आरक्षित करायचे असतात. आरक्षण टाकले की काम झाले असे समजण्याची आपल्याकडे रीत आहे. खरे काम तिथून सुरू होते. याच कायद्याचे कलम १२७ सांगते की आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण संपुष्टात येते. पावले म्हणजे केवळ ठराव आणि पत्रव्यवहार नव्हेत, प्रत्यक्ष संपादनाची कृती हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली गिरनार ट्रेडर्स खटल्यात बजावले. न्यायालयाची भूमिका न्याय्य आहे. कुणाची जमीन नकाशावर हिरवी रंगवून पिढ्यान् पिढ्या अडकवून ठेवणे हा अन्यायच. पण छोट्या नगरपरिषदेत होते असे की शहरी भागात बाजारभाव आणि त्यावर तितकीच दिलासा रक्कम देण्याइतके पैसे तिजोरीत नसतात, टीडीआरच्या (हस्तांतरणीय विकास हक्कांच्या) बदल्यात जागा घ्यायची तर जिथे इमारतींच्या उंचीवर बंधने आहेत तिथे टीडीआरला गिऱ्हाईक मिळत नाही, आणि दहा वर्षे सरतात. रस्त्याचे आरक्षण सुटले तर वाहतूक अडते, आरडाओरड होते. बागेचे आरक्षण सुटले तर कुणाला कळतही नाही, कारण जी बाग कधी झालीच नाही तिच्यासाठी मोर्चा कोण काढणार? बाग म्हणून राखलेली जागा पुढे दुसऱ्या कामाला वळवता येत नाही, याची ग्वाही सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच बंगळुरू मेडिकल ट्रस्टच्या प्रकरणात दिली आहे. तिथे उद्यानाची जागा खासगी रुग्णालयाला देण्याचा निर्णय रद्द झाला, आणि तो रद्द करवून घेतला त्या भागातल्या रहिवाशांनी. पण ते संरक्षण हाती आलेल्या किंवा आरक्षण टिकलेल्या जागेला आहे. मुदत संपू दिली तर त्याचा उपयोग नाही.

दुसरा मार्ग ले-आउटमधल्या मोकळ्या जागांचा. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर वा त्याहून मोठ्या जमिनीच्या विकासात १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. तळेगाव आणि वडगावच्या नव्या गृहप्रकल्पांत ज्या छोट्या बागा दिसतात त्या अशाच नियमांचे फळ. (२०२० साली ही नियमावली आली तेव्हा ज्या थोड्या ठिकाणांना तिच्यातून वगळले होते त्यांत लोणावळा नगरपरिषदेचे नाव स्वतंत्रपणे होते, तिथला कारभार वेगळ्या नियमांनी चालतो.) नियम चांगला आहे, पण त्याच्या पोटातच विषमता आहे. ही जागा त्या सोसायटीच्या रहिवाशांच्या वापरासाठी असते. गेटवर सुरक्षारक्षक असतो, आणि शेजारच्या चाळीतले मूल आत गेले तर त्याला हटकले जाते. आणि एक एकराखालच्या भूखंडाला ही अट लागूच नाही. गावठाणातली दाटीवाटीची घरे, गुंठा-दोन गुंठ्यांचे प्लॉटिंग, जुन्या चाळी यांच्या वाट्याला नियमातून एक चौरस फूटही येत नाही. म्हणजे ज्यांनी मोठा फ्लॅट घेतला त्यांना फ्लॅटसोबत बाग मिळते, आणि ज्यांची घरे सर्वांत लहान त्यांनी सार्वजनिक बागेची वाट पाहायची. तळेगावात गाव विभाग आणि स्टेशन विभाग यांच्यातले अंतर एरवी विनोदाने सांगतात. मोकळ्या जागेच्या बाबतीत जुन्या आणि नव्या वस्तीतले असे अंतर विनोदाने घेण्याजोगे नाही.

खेड्यांची अडचण आणखी निराळी. ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आली, आणि तिच्यात उद्याने, बागा, क्रीडांगणे हा विषय नगरपालिकांकडे स्पष्टपणे सोपवला. ग्रामपंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत. त्यांत बाग वा खेळाचे मैदान नाही. अनुसूची लिहिणाऱ्यांना वाटले असणार, की खेड्यात मोकळ्या जागेची काय कमतरता! तेव्हाच्या खेड्याबद्दल ते खरेही होते. आज कामशेत, कान्हे, कुसगाव, वरसोली ही गावे महामार्ग आणि लोकलच्या आधाराने वाढत आहेत आणि त्यांची वस्ती शहरी होत चालली आहे, पण कारभार ग्रामपंचायतीचा. २०१५ साली स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या (पीएमआरडीए) आराखड्याकडून आशा होती. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला तो प्रारूप आराखडा हजारो हरकतींत अडकला आणि २०२५ मध्ये शासनाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. उरते गायरान. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग खटल्यात गावांच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे हटवण्याचे आदेश दिले आणि त्यानुसार महाराष्ट्र शासनाने १२ जुलै २०११ चा निर्णय काढला. ज्या गावांनी तेव्हा आपल्या गायरानाचा एखादा तुकडा मैदान म्हणून आखून घेतला असेल ती गावे आज सुखी असतील. इथे एक गमतीची उलटापालट आहे. खेड्यात ग्रामसभा आहे, जिथे कुणीही उठून मैदानाची मागणी करू शकतो; पण विषय अनुसूचीत नाही. शहराकडे विषय आहे. पण घटनेने प्रभाग समित्या बंधनकारक केल्या त्या तीन लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांना. लोणावळा, तळेगाव, वडगाव यांपैकी एकही त्या आकड्याच्या जवळपास नाही. त्यामुळे वस्तीची बाग ज्या पातळीवर मागायची, त्या पातळीवर ऐकून घेणारे अधिकृत व्यासपीठच नाही.

जमीन महाग आहे, ती आणायची कुठून, हा आक्षेप सर्वांत वजनदार. लोणावळ्यात सव्वा एकर विकत घेणे नगरपरिषदेच्या आवाक्यात नाही, यावर वाद नको. म्हणूनच विकत घेण्याआधी जे सार्वजनिक आहे ते उघडावे. सर्वांत मोठा साठा शाळांच्या पटांगणांचा. नगरपरिषदेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळा वस्तीच्या मधोमध असतात, मुलांना रस्ता ठाऊक असतो, आणि संध्याकाळी पाचनंतर, रविवारी, दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत ती पटांगणे कुलूपबंद असतात. न्यूयॉर्कने २००७ मध्ये शाळांची मैदाने शाळा सुटल्यावर परिसरासाठी खुली करण्याचा कार्यक्रम हाती घेतला. पॅरिसने गेल्या दशकात शाळांच्या डांबरी पटांगणांत माती, झाडे आणि सावली आणून ती शेजाऱ्यांना उघडून देण्यास सुरुवात केली. या दोन्ही शहरांत जमीन लोणावळ्याहून महाग आहे. त्यांनीही नवी जमीन घेतली नाही. आपल्याकडे मुख्याध्यापकांची हरकत रास्त असेल: तोडफोड झाली, मूल पडले, तर जबाबदार कोण? जबाबदारी नगरपरिषदेने लेखी घ्यावी, संध्याकाळचा राखणदार तिने द्यावा, वर्गखोल्यांचा भाग जाळीने वेगळा करावा. एका राखणदाराचा वर्षाचा पगार हा जमिनीच्या किमतीपुढे काहीच नाही.

शाळेखालोखाल पडीक तुकडे. फिलाडेल्फिया शहरात संशोधकांनी ५४१ पडीक भूखंड निवडले, चिठ्ठ्या टाकल्यासारखे त्यांचे गट पाडले, आणि काहींवर अगदी साधे काम केले: कचरा उचलला, गवत लावले, थोडी झाडे लावली, लाकडी कुंपण घातले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सुधारलेल्या जागांजवळच्या रहिवाशांत उदास वाटण्याचे प्रमाण लक्षणीय घटले, आणि सर्वांत गरीब वस्त्यांत बंदुकीने होणारी हिंसा २९ टक्क्यांनी कमी झाली. बंदुकीचा प्रश्न आपला नाही. स्वस्त आणि साध्या कामाचा परिणाम गरीब वस्तीत सर्वाधिक झाला, हे आपल्या कामाचे. मावळात अशा जागा कोणत्या, हे प्रत्येक वस्तीला ठाऊक असते: पाण्याच्या टाकीभोवतीची जागा, ओढ्याकाठची पट्टी, जिथे कचराकुंडी होती तो कोपरा, तळेगावच्या तळ्याचा काठ. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या अमृत २.० योजनेत जलस्रोतांचे पुनरुज्जीवन आणि हिरव्या जागा ही कामे बसतात, खेड्यात रोजगार हमीच्या कामांत क्रीडांगण बसत आले आहे, आणि पंधराव्या वित्त आयोगाने लहान शहरांना दिलेल्या अनुदानातला ४० टक्के भाग बंधनमुक्त होता. दुसरीकडे टायगर आणि लायन्स पॉइंटजवळ काचेच्या स्कायवॉकसाठी तीनशे कोटींहून अधिक रकमेचा प्रकल्प मंजूर झाला आहे. ते पैसे पर्यटनाचे, बागेचे नव्हेत, असे उत्तर मिळेल, आणि हिशोबाच्या भाषेत ते बरोबर आहे. पण कोणत्या खात्यात पैसे आहेत आणि कोणत्या खात्यात नाहीत हे आकाशातून ठरून येत नाही. पर्यटनाचा भार ज्या वस्त्या उचलतात, त्यांच्या वाट्याला त्याच प्रकल्पातून दोन-चार मैदाने बांधून द्या अशी अट घालणे शासनाच्या हातात होते आणि अजूनही आहे.

बाग केली की तिथे टवाळखोर बसतात, बाटल्या सापडतात, पत्त्यांचे डाव रंगतात: ही तक्रार खोटी नाही, आणि तिला ‘मानसिकता बदलायला हवी’ असल्या पोकळ उत्तराने वाटेला लावणे चुकीचे. जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये अमेरिकी शहरांवरच्या आपल्या पुस्तकात याचे कारण नेमके सांगितले आहे. बाग आपोआप सुरक्षित होत नाही. तिच्याभोवती वेगवेगळ्या कामांची वर्दळ असेल, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी वेगवेगळी माणसे येत असतील, तरच ती सुरक्षित राहते. आपली सवय उलटी आहे. गावाबाहेरच्या उरलेल्या कोपऱ्यात बाग काढायची, सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन तास उघडायची, बाकी वेळ कुलूप. आणि कुलूप लावलेल्या बागेत भिंतीवरून उड्या मारून कोण येते, ते सर्वांना माहीत आहे. अंगणवाडी, रेशन दुकान, दवाखाना यांच्या शेजारची छोटी बाग दिवसभर उघडी ठेवली, तिला दिवे दिले, चालू स्थितीतले स्वच्छतागृह आणि पिण्याचे पाणी दिले, की बायका येतात. आणि बायका जिथे निर्धास्त बसतात तिथे डाव मांडणाऱ्यांना अवघडायला होते. स्वच्छतागृह नसलेली बाग ही पुरुषांची बाग असते, हे तर निविदा काढतानाच लक्षात यायला हवे. त्याऐवजी निविदेत काय असते? पेव्हर ब्लॉक, कारंजे, ओपन जिम आणि हल्ली सेल्फी पॉइंट. कारंजे उद्घाटनाच्या दिवशी चालते. लोणावळ्यात तर आणखी एक गोष्ट हवी जी ठेकेदाराच्या ठरीव नकाशात सापडत नाही: जून ते सप्टेंबर बाग वापरता येईल असे मोठे छप्पर, पाण्याचा निचरा आणि शेवाळ न धरणारी वाट. चार महिने बंद पडणारी बाग वर्षभराची मानणे म्हणजे स्वतःची फसवणूक.

पर्यटक येऊन तीही बाग बळकावतील, ही भीती खास लोणावळ्याची. तिला उपाय आहे, आणि तो फुकटचा आहे: वाहनतळ देऊ नका, महामार्गावर फलक लावू नका, टपऱ्यांना परवाने देऊ नका, सेल्फी पॉइंट तर नकोच. दहा गुंठ्यांच्या मैदानासाठी मुंबईहून कुणी घाट चढून येत नाही. मोठ्या उद्यानांची निगा खासगी संस्थांकडे सोपवावी, हा सल्लाही वारंवार दिला जातो. मुंबईत मोकळे भूखंड असे दत्तक देण्याचे धोरण जानेवारी २०१६ मध्ये मंजूर झाले आणि लोकांच्या रोषापुढे लगेच थांबवावे लागले, कारण आधीच्या अनुभवात काही मैदाने क्लब बनली होती. निगा वाटून द्यावी, पण किल्ली नगरपरिषदेकडेच राहावी.

नगरपरिषदांना हे झेपणार नाही असे म्हणणाऱ्यांनी स्वच्छ सर्वेक्षणाचे निकाल पाहावेत. एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांत लोणावळा २०२१ मध्ये देशात दुसरे आणि २०२३ मध्ये तिसरे आले. लाखो पर्यटकांचा कचरा रोज उचलून हा क्रमांक मिळवणारी यंत्रणा पंचवीस मैदानांची निगा राखू शकत नाही, हे पटण्यासारखे नाही. तिथे फरक एवढाच होता की कचरा मोजला जात होता, प्रभागवार मोजला जात होता, आणि मोजणीवर गुण मिळत होते. बागेच्या अंतराची अशी मोजणी अजून कुणी मागितलेली नाही. जवळजवळ चार वर्षे प्रशासकांच्या हाती असलेला कारभार डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांनंतर राज्यभरच्या नगरपरिषदांत पुन्हा लोकप्रतिनिधींकडे आला आहे. तेव्हा वाचकहो, आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाकडे दोन कागद मागा. एक, विकास आराखड्यातल्या बाग आणि क्रीडांगणाच्या प्रत्येक आरक्षणाची यादी, त्यावर आराखडा लागू झाल्याची तारीख आणि कलम १२७ ची मुदत कधी संपते ती तारीख. दोन, नगरपरिषदेच्या ताब्यातल्या प्रत्येक शाळेच्या पटांगणाची आणि पडीक तुकड्याची यादी. ती मिळाली नाही तर माहितीचा अधिकार वापरा. आणि ज्या आरक्षणाची मुदत सर्वांत आधी संपते, ते ज्या वस्तीत आहे तिथल्या लोकांना ही गोष्ट आजच कळवा. नोटीस आल्यानंतर हातात फक्त २४ महिने असतात.